आमच्या वाट्याचा समुद्र

गुळ्ळ.

घरात इतकी शांतता होती की तो आवाज मला स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू आला. आमच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी उतरत गेलं की शेवटी ती अशी एक ढेकर देते. आम्ही हे घर घेतलं तेव्हापासून देते आणि आजवर कुणी तिचं मनावर घेतलेलं नव्हतं. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि मनाशी म्हटलं, झालं! आणि झालंच. ओली पावलं फरशीवरून थपथप करत आली आणि माझी पाच वर्षांची लेक, जिला सगळे मुंगी म्हणतात, माझ्या पायांना येऊन चिकटली. अर्ध्या अंगाला साबण होता. उरलेलं अर्धं अंग कोरडं ठणठणीत.

"आला," ती कुजबुजली.

"कोण आला?"

"देवमासा. श्वास घेतोय."

या सगळ्याला माझा नवरा जबाबदार आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला मोठ्या मनाने त्याबद्दल गप्प बसता येईल. तो शाळेत भूगोल शिकवतो. त्याला कुणी किती वाजले विचारलं तर तो आधी पृथ्वी फिरवून दाखवतो. मुंगीने त्याला एवढंच विचारलं होतं, की आंघोळीचं पाणी कुठे जातं? दुसऱ्या कुठल्याही बापाने "खाली" म्हटलं असतं. यांनी खडू आणला. हॉलच्या फरशीवर जाळी काढली, जाळीखाली पाइप, पाइपातून गटार, गटारातून नाला, नाल्यातून नदी आणि नदीपुढे समुद्र. पण समुद्र जरा रिकामा दिसत होता, म्हणून त्यात एक देवमासा काढला. छान काढला होता, मी नाही म्हणत नाही. फवाराबिवारा होता त्याला.

मुंगीने ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग देवमाशावर बोट ठेवलं, आणि ते हळूहळू नदीतून, नाल्यातून, गटारातून, पाइपातून उलटं सरकवत जाळीपर्यंत आणलं.

त्यानंतरच्या पहिल्याच आंघोळीला जाळीने ढेकर दिली, आणि त्या दिवसापासून आंघोळ बंद.

नवऱ्याने आपली चूक शास्त्रीय पद्धतीने निस्तरायची ठरवली. त्याने टेप आणली, जाळीचं भोक मोजून दाखवलं. "हे बघ, भोक एवढं. आणि देवमासा आपल्या बिल्डिंगएवढा. कसा येईल?"

"लहान होता तेव्हा आला," मुंगी म्हणाली. "आता मोठा झालाय आणि अडकलाय. म्हणून तर ओरडतो."

नवरा म्हणाला, "तर्क तसा बरोबर आहे हं." मी त्याच्याकडे बघितलं. त्याने टेप गुंडाळली.

समोरच्या काकूंना बातमी कळायला वेळ लागला नाही, कारण त्या आमच्या दारातच होत्या. "इतकं काय त्यात! जाळीवर परात पालथी घाल, वर पाटा ठेव. दिसायचं बंद, भ्यायचं बंद." मी परात घातली. पाटाही ठेवला. मुंगी शांत झाली. पाणी मात्र जायला जागा न उरल्यामुळे हॉलमध्ये आलं, आणि माझे सासरे अप्पा सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचत बसले. "मला काही अडचण नाही," ते म्हणाले. "पण चपला चालल्यात बघा."

मग वरच्या मजल्यावरच्या विमाकाकांनी प्लंबर पाठवला. विमाकाका म्हणजे विमा विकणारे गृहस्थ. त्यांच्याकडे प्रत्येक संकटासाठी एक माणूस असतो. प्लंबरने जाळी काढली, आत तार घातली, बराच वेळ ढोसत राहिला आणि शेवटी फरशीला कान लावून बसला. मुंगी दाराआडून बघत होती. तिने धीर करून विचारलं, "आहे का आत?"

"आहे ना," प्लंबर कामाच्या नादात म्हणाला. "चांगला मोठा आहे. असा नाही निघायचा."

त्यानंतर मुंगी बाथरूमसमोरून जाताना भिंतीला घासून, बोटांवर चालत जायला लागली.

मी तिला ओल्या टॉवेलने पुसून काढायचे. पण पुसण्याला मर्यादा असते. एक दिवस शाळेतून निरोप आला म्हणून गेले. तिच्या बाई फार चांगल्या आहेत, म्हणूनच त्यांना बोलायला इतका वेळ लागला. आधी त्यांनी मुंगीच्या अक्षराचं कौतुक केलं. मग तिच्या गाण्याचं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तसं विशेष काही नाही हो, पण मुलं... मुलं कशी असतात तुम्हाला माहीतच आहे. तिला जरा हवेशीर जागी बसवलंय."

घरी येताना मुंगी उड्या मारत होती. "आई, मला आख्खा बाक मिळालाय! एकटीला!"

मी तिचा हात धरून चालत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि समोरून नेमक्या काकू येत होत्या.

आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर मुलांची रांग लागलेली, आत एक बाळ किंचाळतंय, डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नॅपकिनला हात पुसता पुसता म्हणाल्या, "मग एकदा खरा दाखवून टाका की! आकार कळला की भीती जाते." त्या थट्टेत बोलल्या, असं माझं आजही मत आहे. पण नवऱ्याने ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेतलं. जेवणाआधी की जेवणानंतर, तेवढं विचारायचं राहिलं.

आणि अर्थातच विमाकाकांकडे बोटवाला माणूस होता. "वहिनी, माझीच पॉलिसी आहे त्या बोटीची. देवमासे, डॉल्फिन, समुद्रपक्षी, सगळं दाखवतात."

"पण दिसतो का हो देवमासा?"

"शक्यता असते."

"खात्री नाही?"

"खात्री असती तर माझा धंदा कसा चालला असता?" ते म्हणाले. तुम्ही पण चला, असं म्हटल्यावर त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. "मला पाण्याची भीती वाटते. विम्याच्या धंद्यात आलो तो उगाच नाही."

तर अशा रीतीने मी, नवरा, मुंगी, अप्पा आणि आमच्याआधीच पिशवी भरून तयार झालेल्या काकू, असे आम्ही निघालो. मुंगीला आम्ही सांगितलं होतं, की आपण मोठ्या देवमाशाला लांबून बघायला जातोय. ती म्हणाली, "तुम्ही बघा. मी डबा सांभाळीन."

इथे अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पांचं सगळं आयुष्य रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीत गेलं. लोकांना "जागा नाही" असं सांगण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला जागेची किंमत किती असेल याची कल्पना करा. आम्ही कुठेही जायचं म्हटलं की अप्पा खिशात जादा रुमाल घेतात, जागेवर टाकायला. सिनेमाला नंबर घातलेल्या खुर्च्या असतात, तिथेही ते आधी जाऊन रुमाल टाकतात. त्यामुळे आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट आलेली नव्हती. खरं सांगायचं तर भरतीसुद्धा आलेली नव्हती.

तिकिटाच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी मुंगीकडे पाहिलं आणि बाहेरच्या वजनकाट्याकडे बोट केलं. त्यांच्याकडच्या सगळ्यात लहान लाइफ जॅकेटला किमान वजन ठरलेलं असतं. त्याच्याखाली पोर भरलं की जॅकेट अंगातून निसटतं, म्हणून बोट नाही. मुंगी काट्यावर उभी राहिली. काटा थोडा अलीकडेच थांबला.

"कमी आहे," बाई म्हणाल्या.

"किती कमी?"

"कमी म्हणजे कमी."

नवरा पुढे झाला. "मॅडम, पृथ्वीवर वस्तूचं वजन सगळीकडे सारखं नसतं. ध्रुवांपाशी ते जरासं जास्त भरतं."

"मग तिथून बोट धरा," बाई म्हणाल्या.

काकूंनी मान आत घातली. "अहो, पोरीची आंघोळ झालेली नाही कित्येक दिवसांत. तेवढा मळ धरा की वजनात!" रांगेत मागे उभी असलेली सगळी माणसं मुंगीकडे बघायला लागली आणि मग, ओघाने, तिच्या आईकडे. मी समुद्राकडे बघितलं. समुद्र अजून बराच लांब होता.

शेवटी अप्पा खिडकीपाशी गेले. त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, मीही आयुष्यभर खिडकीतच बसलो. असे प्रसंग येतात."

"मग तुम्ही काय करायचात? नसलेली जागा द्यायचात?"

"नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

"मग?"

"बरोबर आहे तुमचं," अप्पा म्हणाले आणि अगदी आदराने मागे सरले.

तेवढ्यात रांगेतल्या एका मावशींनी अक्कल लढवली. "केळी खायला घाला की. मुलं केळ्यांनी पटकन भरतात." धक्क्यावरच केळीवाला होता. नवऱ्याने हौसेहौसेने भला मोठा घड घेतला. मुंगी केळं खायची, काट्यावर चढायची, उतरायची, पाणी प्यायची, पुन्हा चढायची. काटा सरकतोय न सरकतोय. रांगेतली माणसं आता आपापली जागा सोडून काट्याभोवती जमली होती. "आणखी एक घोट, बाळा!" "श्वास सोडू नको गं!" कुणीतरी श्वासाला वजन नसतं म्हणालं आणि नवऱ्याने त्यांना बाजूला घेऊन हवेचं वजन समजावलं. शेवटी एकदाचा काटा रेघेवर गेला. टाळ्या झाल्या. खिडकीतल्या बाईंनी तिकीट फाडलं, पण चेहरा हलू दिला नाही.

आम्ही विजयी मुद्रेने बोटीकडे निघालो. बोटीत चढायच्या फळीवर कप्तान उभा होता. तो नवऱ्याच्या हातातल्या घडाकडे बघून म्हणाला, "केळी नाही चालायची."

"का?"

"बोटीवर केळं आलं की काही दिसत नाही. माझ्या बापाच्या बोटीवरही नव्हतं चालत."

"याला काही शास्त्रीय आधार?"

"बोट माझी आहे."

हा आधार नवऱ्यालाही मान्य करावा लागला. आता प्रश्न उरला केळ्यांचा. केळीवाला निघून गेला होता. "टाकून द्या," कप्तान म्हणाला. अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्याने मुंगीलाच टाकून द्या म्हटलं असावं. चांगलं अन्न टाकायचं नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवत नाही, ते रक्तातूनच येतं. तेव्हा आम्ही चौघं मोठी माणसं फळीपाशी उभं राहून केळी खात होतो. मागे रांग. कप्तान घड्याळ बघतोय. काकू म्हणत होत्या, "मला नको गं आणखी," आणि सोलत होत्या. शेवटचं केळं मी खाल्लं. चार लोकांच्या देखत, घाईघाईने, गाल फुगवून. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, गिऱ्हाइकं मला मॅडम म्हणतात. त्यातलं एक गिऱ्हाईक रांगेत होतं. त्यांनी नमस्कार केला. मी मान हलवली.

एवढ्या वेळात, आपली केळी आधी संपवून बोटीत शिरलेल्या अप्पांनी आपला डाव साधला होता. डाव्या बाजूचा सगळा पुढचा बाक रुमाल, छत्री, काकूंची पिशवी आणि माझी ओढणी यांनी भरून गेला होता.

बोटीवर माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती. उन्हाने सोललेलं नाक आणि गळ्यात दुर्बीण. तिने भोंगा तोंडाशी धरला. "सगळा समुद्र बघत बसलात ना, तर काहीच दिसणार नाही. म्हणून आम्ही समुद्र वाटून देतो. कलिंगडाच्या फोडी करतात तसा. आपापल्या बाकासमोरची फोड आपली. तिच्यावर नजर ठेवा. फवारा दिसला, पाठ दिसली, पक्षी गोळा झालेले दिसले, की ओरडा."

अप्पा ताठ बसले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पाहिलं नव्हतं. "म्हणजे त्या खांबापासून?" त्यांनी विचारलं.

"त्या खांबापासून या दोरापर्यंत, आजोबा."

"आणि बरोबर हद्दीवर आला, तर कुणाचा धरायचा?"

"सगळ्यांचा," मुलगी हसून म्हणाली. हे अप्पांना पटलं नाही. कामात असा सैलपणा असला की पुढे भांडणं होतात, असं ते पुटपुटले.

बोट निघाली. सुरुवातीला सगळं फार सुंदर होतं. पांढरे कुरव पक्षी बोटीमागून कुरकुरत येत होते. त्यातल्या एकाने बोट लागू नये म्हणून काकूंनी हातात धरलेला आल्याचा तुकडा अलगद उचलला, तोंडात फिरवला आणि थुंकला. "आगाऊ मेला," काकू म्हणाल्या. नाजूक शेपटीचे सुरय पाण्यावर सूर मारत होते. माहितीवाली मुलगी प्रत्येक पक्ष्याला बघून इतकी आनंदून जायची, जशी काही तिची मावसभावंडंच भेटायला आली होती. लांबून एक काळसर पक्षी पंख न हलवता लाटांच्या अगदी कडेकडेने तरंगत गेला, तेव्हा तर तिचा भोंगाच हातातून निसटला. "हा किनाऱ्यावर येतच नाही हो! हा फक्त खोल समुद्रात!" तिचे डोळे खरोखर भरून आले होते. मला ती पोरगी फार आवडली.

नवरा मुंगीला लाटा समजावत होता. "लाट म्हणजे पाणी पुढे जात नाही, तर ते जागच्या जागी वर जातं... आणि खाली... येतं... आणि वर..." इथे त्याचा आवाज बारीक झाला. रंग उतरला. मग तो उठला आणि बोटीच्या मागच्या टोकाला गेला. केळी, ती. पाठोपाठ काकू गेल्या. उरलेलं आलं काकूंनी खायचं की नवऱ्याने, यावर दोघांचा तिथे वाद चाललेला ऐकू येत होता.

मी मात्र आमच्या फोडीवर नजर रोखून होते. आणि मला दिसला. काळा, गोल, चमकता, लाटेवर हळूच वर येणारा. मी उभी राहिले आणि जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले, "देवमासाऽऽ!"

सगळी बोट डावीकडे धावली. कप्तानाने बोट तिकडे वळवली. जवळ जाऊन बघतो तर पाण्याची एक काळी प्लॅस्टिकची टाकी तरंगत आलेली, आणि तिच्यावर एक पाणकावळा पंख वाळत घालून उभा. त्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसे आम्ही त्याच्या घरात न विचारता शिरलो होतो.

"हा पाणकावळा," मुलगी भोंग्यातून गोड आवाजात म्हणाली. "आणि या ताईंची नजर छान आहे हं."

"आई," मुंगी म्हणाली, "तूच ना दुकानात लोकांचे डोळे तपासतेस?"

चष्म्याचं ते गिऱ्हाईक मागच्या बाकावर होतं. त्यांनी हळूच चष्मा काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा घातला.

मग डॉल्फिन आले. कुठून आले कळलंच नाही. एकदम बोटीच्या पुढ्यात, पाण्यातून सुटलेल्या करड्या चकाकत्या कमानी. एक, मग जोडी, मग मोजता येईनात इतके. ते बोटीशी शर्यत लावत होते आणि मुद्दाम हरत होते. सगळी माणसं लहान मुलांसारखी किंचाळत होती. मागच्या टोकावरून नवऱ्याने पांढऱ्याफटक चेहऱ्याने "बघ, बघ!" म्हणून हात केला. मी हसत मुंगीकडे वळले.

मुंगी बोटीच्या मधोमध, पाण्याकडे पाठ करून, डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. ती आपल्या बुटांकडे बघत होती.

"बघ ना गं, किती गोड आहेत!"

"नको."

"एकदाच."

"ही त्याची माणसं आहेत," ती म्हणाली. "जाऊन सांगतील त्याला."

माझं सगळं हसू गळून गेलं. काटा सरकवला, केळी खाल्ली, अब्रू घालवली, इतक्या लांब समुद्रात आलो, आणि तिने अजून समुद्राकडे एकदाही पाहिलं नव्हतं. उद्या पुन्हा तोच ओला टॉवेल, तोच हवेशीर बाक. तिला उचलून कठड्याशी न्यावं असं एकदा वाटलं. पण तिची बोटं डब्यावर इतकी घट्ट होती की नखं पांढरी पडली होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मुंगे," अप्पा समुद्रावरची नजर न काढता म्हणाले, "जरा इकडे ये गं."

"का?"

"एवढा समुद्र मला एकट्याला सांभाळवत नाही. तुझा बाप पडलाय तिकडे, आई टाक्या बघतेय. त्या खांबापासून या दोरापर्यंत आपलं आहे. दोरापासचं तू बघ. मी खांबाकडचं बघतो."

मुंगीने विचार केला. "बघायचं म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. जागा धरून बसायचं. दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं नाही."

दुसऱ्या लहान मुलाला असं सांगून ते उठलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण शेवटी ती अप्पांची नात होती. ती उठली, डबा बाकावर ठेवला, अप्पांचा रुमाल सरकवून त्यावर बसली आणि त्यांना चिकटून, त्यांचा कोपर दोन्ही हातांनी धरून, समुद्राकडे बघायला लागली. आधी एका डोळ्याने. मग दोन्ही.

मी त्यांच्या शेजारी श्वास रोखून बसले. आणि तेवढ्यात उजव्या बाजूने आरोळी उठली. "फवारा! फवारा!"

झालं. सगळी बोट उजवीकडे. बाक ओस पडले, पिशव्या तुडवल्या गेल्या. "सगळे एका अंगाला येऊ नका!" कप्तान ओरडत होता, पण त्याचं ऐकतंय कोण. त्याने इंजिन बंद केलं. बोट उजवीकडे कलली. मी मुंगीचा हात धरला. "चल, चल लवकर! आला बघ तिकडे!"

"जागा जाईल," मुंगी म्हणाली.

"अगं, जागा काय घेऊन बसलीस? अप्पा, चला ना तुम्ही तरी!"

"ती फोड आपली नाही," अप्पा म्हणाले. "सगळेच तिकडे गेले तर इकडे कोण?"

"इकडे काय आहे?"

"असं म्हणायचं नसतं. माणसाने आपली खिडकी सोडू नये."

मी कपाळाला हात लावला आणि एकटीच धावले. आधी बघते, मग हिला उचलून आणते, असा माझा विचार. तिथे मला काय दिसलं? माणसांच्या पाठी. वर केलेले मोबाइल. एका उंच गृहस्थाची टोपी. मी त्यांच्या काखेखालून डोकं घातलं. माझे केस एका बाईंच्या दुर्बिणीच्या पट्ट्यात अडकले. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "गेला. खाली गेला." सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. मी त्या पट्ट्यातून केस सोडवत होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. केसांमुळे, असं मी त्या बाईंना सांगितलं.

फूऽऽऽश्श!

आवाज मागून आला. आमच्या मागून, रिकाम्या डाव्या बाजूने. कुणीतरी प्रचंड मोठा श्वास सोडावा तसा. मी वळले.

बाकावर दोनच माणसं होती, एक म्हातारा आणि एक पोर. आणि त्यांच्यापुढे, कठड्यापलीकडे, अगदी लगत, पाण्यातून एक काळीकरडी पाठ वर आलेली. फवारा उंच गेला होता आणि आता वाऱ्याबरोबर खाली येत होता. तो सगळाच्या सगळा त्या दोघांवर कोसळला. पाठ सरकत होती. सरकतच होती. मी तिथून धावत आले तरी ती संपली नव्हती. तिच्यावर ओरखडे होते, शिंपले चिकटलेले होते, पाणी ओघळत होतं. कप्तानाने टोपी काढली होती.

मी मुंगीपाशी पोचले आणि गुडघ्यांवर बसले. ती नखशिखांत भिजली होती. केसांतून, नाकावरून, हनुवटीवरून पाणी गळत होतं. आता ती किंचाळेल म्हणून मी तिला धरलं. ती किंचाळली नाही. तिची मान डावीकडून उजवीकडे, त्या पाठीबरोबर, हळूहळू फिरत होती.

मग शेपूट वर आली. दोन्ही पंखे पसरून क्षणभर हवेत थांबली आणि आवाज न करता पाण्यात गेली.

"आई," मुंगी म्हणाली, "हा मावणारच नाही."

"नाही गं, राणी."

"लहान असताना पण नाही."

"नाहीच."

अप्पांनी चष्मा काढला आणि ओल्या रुमालाने पुसून आणखी ओला केला. "खांबापासून दोरापर्यंत," ते सावकाश म्हणाले. "बरोबर हद्दीत." मग बोटीवरची सगळी माणसं आमच्याकडे धावली. जो तो विचारतोय, इथे बसू का, जरा सरकता का, पुन्हा येईल का. आणि माझ्या सासऱ्यांनी, ज्यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून हे कधी ऐकलं नव्हतं, बाकावरची छत्री उचलली आणि म्हणाले, "या ना, बसा. जागा आहे."

बसलेली माणसं मात्र लगेच उठली. कारण देवमाशाचा श्वास हा दिसायला जितका देखणा, तितकाच वासाला भयंकर असतो. आठवडाभर उन्हात राहिलेल्या मासळीच्या टोपल्या एकदम उघडाव्यात तसा. माहितीवाली मुलगी म्हणाली, हे फार भाग्याचं असतं, आणि तेही चार पावलं मागे सरून म्हणाली. नवरा मागच्या टोकावरून कसाबसा लेकीला मिठी मारायला आला, आणि अर्ध्या वाटेतूनच परत गेला.

मुंगीने आपली बाही नाकाशी नेली. डोळे मोठे केले. "आई, मला वास येतोय."

"हो."

"खूप येतोय."

"हो गं."

"मला आंघोळ घाल ना."

मी तिला हे पुन्हा म्हणायला लावलं. मला ते ऐकायचं होतं.

धक्क्यावर मासळीच्या पेट्या धुवायचा एक नळ आहे, जाड धारेचा. घरी जाईपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती. रिक्षावाल्याचीही नव्हती. मी मुंगीला कपड्यांसकट नळाखाली उभं केलं. काकूंनी पिशवीतून साबण काढला, कारण काकूंच्या पिशवीत साबण असतोच. मुंगी धारेखाली उड्या मारत होती, तोंडाने फवारे उडवत होती, "मी देवमासा! मी देवमासा!" म्हणत होती. मी पार भिजले. शेजारी अप्पाही पायजमा वर करून उभे राहिले आणि "माझ्यापण डोक्यावर फिरव गं साबणाचे दोन हात," म्हणाले. येणारेजाणारे थांबून बघत होते. चष्म्याचं गिऱ्हाईक पुन्हा नमस्कार करून गेलं. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी काच सरकवली, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते त्यांना आवरलं नाही.

मी माझ्या ओढणीने तिचे केस पुसायला लागले. तिला साबणाचा वास येत होता, आणि त्याच्याखाली अजून थोडा समुद्राचा. मी तिच्या ओल्या मानेला नाक लावलं. मला वाटलं, आता उद्या शाळेत सगळ्यांच्या बाकांवर हिच्यासाठी जागा होईल, आणि ही त्यांना देवमासा सांगेल, हात कितीही लांब केले तरी पुरणार नाहीत असा.

आता मुंगीच्या उड्या थांबल्या होत्या. ती लांब पाण्याकडे बघत होती, जिथे आता काहीच दिसत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "तो किती चांगला होता ना?"

"खूपच चांगला."

"मग मी एवढे दिवस घाबरत कुणाला होते गं?"